तीस मेगाहर्ट्झचे मोल

नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना असा हुकूम धाडला की, भारतीय विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि तिच्या मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या हद्दीत ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील फाइव्ह-जीचे मनोरे उभारू नयेत, आणि विमानांतील रेडिओ उंचीमापकांचे फिल्टर बदलून होईपर्यंत ही मनाई अंमलात राहावी. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे उतरतेवेळी ज्या यंत्रावरून अचूक कळते, ते यंत्र ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. म्हणजे मनोऱ्यांचा पट्टा जेथे संपतो आणि या यंत्राचा जेथे सुरू होतो त्या दोहोंमध्ये ५३० मेगाहर्ट्झचे अंतर होते. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असताना अधिकाऱ्यांनी सावधगिरीच्या बाजूस झुकते माप दिले याबद्दल त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु या हुकुमाच्या शेवटच्या कलमात ज्या वस्तूचे नाव आले होते, आणि सारा बखेडा वस्तुतः जिच्यामुळे उद्भवला होता, त्या फिल्टरविषयी ना वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या, ना हा फिल्टर पूर्वीच नीट का केला गेला नाही, अशी पृच्छा कोणी केली.

या उपेक्षेविरुद्धच मला काही म्हणावयाचे आहे. लहरींच्या वाटणीवरून जे सार्वजनिक तंटे उभे राहतात, त्यांपैकी कोणता निसर्गनियमाने अटळ आहे आणि कोणता केवळ हलगर्जीपणातून उपजला आहे, हे ठरविण्याचे एक नेमके, जुने आणि कागदावर मांडता येण्याजोगे साधन आपल्यापाशी आहे. सूक्ष्मतरंगांच्या बँडपास फिल्टरचे संश्लेषण, ज्याला अभियंते नेहमीच्या बोलण्यात फिल्टर-सिंथेसिस म्हणतात, ते हे साधन होय. ते आपल्या महाविद्यालयांतून परीक्षेतल्या हमखास प्रश्नापुरते उरले आहे आणि जेथे लहरींचे लिलाव ठरतात त्या दप्तरांत त्याला प्रवेशच नाही. अब्जावधी रुपयांचे व्यवहार ज्या गणिताच्या आधारावाचून होतात ते गणित समाजाने विशेषज्ञांवर सोपवून निश्चिंत राहावे, हे मला रास्त वाटत नाही.

बँडपास फिल्टरचे काम सांगावयास सोपे आहे. अँटेनावर येऊन आदळणाऱ्या असंख्य लहरींपैकी ठरावीक पट्ट्यातील लहरींना त्याने विनातक्रार आत सोडावे आणि बाकीच्यांना दारातूनच परतवावे. प्रत्यक्षात या पट्ट्याच्या कडा भिंतीसारख्या सरळ नसतात, उतरणीसारख्या असतात, आणि ही उतरण किती तीव्र करावयाची, त्यापायी कोणती किंमत मोजावयाची, यावरच सारी विद्या खर्ची पडते. १९१५ साली अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी परस्परांच्या नकळत टेलिफोनच्या तारांसाठी असे फिल्टर कल्पिले. १९२३ मध्ये ऑटो झोबेल यांनी त्यांचे ठरावीक घटक एकापुढे एक जोडून इष्ट परिणाम साधण्याची पद्धत बसवून दिली. ही पद्धत सोयीची होती, पण प्रत्येक घटक दोन्ही टोकांस आदर्श जोडणी लाभल्याचे गृहीत धरून चाले, आणि अशी जोडणी व्यवहारात मिळत नसल्यामुळे हाती आलेला फिल्टर कागदावरच्या फिल्टरहून नेहमी थोडा निराळा निघे. ती तफावत अनुभवी माणूस अंदाजाने मिटवी.

याच काळात प्रश्नाची दिशा उलटविणारी माणसे पुढे आली. १९२४ साली रोनाल्ड फॉस्टर यांनी, ज्यात ऊर्जा वाया जात नाही अशा मंडलाचे वर्तन कोणत्या गणिती आकृतिबंधाबाहेर जाऊच शकत नाही, हे सिद्ध केले. १९२६ मध्ये बर्लिन येथे विल्हेल्म काउअर यांनी, हे मंडल काय करील, असे न विचारता, मला अमुक वर्तन हवे आहे, ते देणारी मंडले कोणती, असा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. १९३१ मध्ये ऑटो ब्रून यांनी, कोणती मागणी पुरी होऊ शकते आणि कोणती होऊच शकत नाही, याची नेमकी कसोटी सांगितली, आणि १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील सिडनी डार्लिंग्टन यांनी मागणीपासून मंडलापर्यंतचा सगळा रस्ता बांधून काढला. तयार अंगरख्यांच्या ढिगातून त्यातल्या त्यात बसेल तो उचलणारा गिऱ्हाईक आणि माप घेऊन कापड बेतणारा शिंपी यांत जो फरक आहे तोच झोबेल यांच्या पद्धतीत आणि या नव्या पद्धतीत होता. शिवाय हा शिंपी असा की, एवढ्या कापडात हा अंगरखा होणे नाही, हे तो कात्री लावण्यापूर्वीच सांगू शके. डार्लिंग्टन यांची गणिते हाताने सोडविणे इतके जिकिरीचे होते की, गणकयंत्रे येईपर्यंत बहुतेक अभियंते झोबेल यांच्या वहिवाटीलाच चिकटून राहिले. काउअर यांना तर आपल्या विद्येचा विजय पाहावयास मिळालाच नाही. एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनच्या पाडावाच्या धामधुमीत, सोव्हिएत सैनिकांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला.

मागणीचे गणिती रूप निवडणे ही संश्लेषणाची पहिली पायरी होय. इंग्लंडातील स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली, पट्ट्यामध्ये जितका सपाट ठेवता येईल तितका सपाट, असा आलेख सुचविला. त्याहून कसलेला सौदा ज्या बहुपदींनी साधतो त्या रशियन गणिती चेबिशेव यांच्या नावाने ओळखल्या जातात, आणि त्यांचा उगम वाफेच्या यंत्रातील दांड्यांची गती शक्य तितकी सरळ रेषेत कशी आणावी या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील विवंचनेत आहे. चेबिशेव यांचा विचार असा की, एके ठिकाणी शून्य चूक आणि दुसरीकडे मोठी चूक असण्यापेक्षा ठरावीक मर्यादेतील लहानशी चूक सर्वत्र सारखी वाटून द्यावी. फिल्टरच्या पट्ट्यात ०.१ डेसिबल एवढी नगण्य चढउतार आपण पत्करली, तर तिच्या मोबदल्यात पट्ट्याबाहेरची उतरण पुष्कळच तीव्र होते. येथे एवढेच ध्यानात ठेवावे की, ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी, १० म्हणजे दशांश, २० म्हणजे शतांश.

पुढची पायरी म्हणजे आदर्श नमुना. त्याचे अंक एकदाच काढून कोष्टकात मांडलेले असतात. पाच अनुनादकांच्या, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला झंकारणाऱ्या घटकांच्या, आणि ०.१ डेसिबल चढउताराच्या चेबिशेव फिल्टरसाठी ते १.१४६८, १.३७१२, १.९७५०, १.३७१२ आणि १.१४६८ असे आहेत; पुढून वाचले काय आणि मागून वाचले काय, सारखेच. ४३०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते, तेव्हा तेथे गुंडाळी आणि धारित्र यांची भाषा लुळी पडते आणि त्यांची जागा पितळी दांडे, पोकळ धातूच्या कोठड्या किंवा चिनीमातीसारख्या पदार्थाच्या चकत्या घेतात. पॉल रिचर्ड्स यांनी १९४८ मध्ये आणि सेमूर कोन यांनी १९५७ मध्ये जुन्या कोष्टकांना या नव्या जगात उतरविण्याचे मार्ग घालून दिले, आणि मथाई, यंग व जोन्स या तिघांचा १९६४चा हजारावर पृष्ठांचा ग्रंथ कित्येक प्रयोगशाळांत धर्मग्रंथासारखा वापरला गेला. त्यातील मर्म असे की, उंचीमापकाच्या ४२०० ते ४४०० या पट्ट्यासाठी वरील अंकांवरून हिशेब केला म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अनुनादकांमधील युग्मन (परस्परांशी जोडणीचे माप) ०.०३७१, दुसऱ्या आणि तिसऱ्यांमधील ०.०२८३, आणि टोकांच्या जोडणीचा गुणांक सुमारे २४.७ असे तीन आकडे हाती येतात. फिल्टर पितळेचा असो वा चिनीमातीचा, हे आकडे बदलत नाहीत. कारागिराने दोन कोठड्यांमधील झरोका एवढा कापावयाचा की ०.०३७१ साधेल, इतकेच मग उरते.

आता याच कोष्टकांनी वरच्या तंट्याचा निवाडा करून पाहू. अनुनादकांत ऊर्जा वाया जात नाही असे क्षणभर धरले, तर केवळ तीन अनुनादकांचा असा फिल्टर ३६७० मेगाहर्ट्झवरील लहरीला सुमारे ४५ डेसिबलने, म्हणजे तीस हजारांशाहूनही खाली दाबतो, आणि पाच अनुनादकांचा फिल्टर तिला ९१ डेसिबलने दाबून तिचा मागमूस ठेवीत नाही. अमेरिकेत हे अंतर पुष्कळ कमी होते. तेथे सुमारे ८१ अब्ज डॉलरांना लिलाव झालेला पट्टा ३९८० मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो आणि उंचीमापकाच्या सीमेपासून अवघा २२० मेगाहर्ट्झ दूर राहतो; त्यावरूनच जानेवारी २०२२ मध्ये गदारोळ होऊन एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी उड्डाणे रद्द केली. त्या सीमेवर तीन अनुनादक २६ डेसिबल आणि पाच अनुनादक ५९ डेसिबल देतात. तात्पर्य, अमेरिकेतला प्रश्न जरा अवघड होता, पण तोही सुटण्याजोगा होता, आणि आपल्याकडील प्रश्न तर साध्या, छोट्या फिल्टरने मिटण्याजोगा होता. ज्या काळी ही यंत्रे घडविली गेली त्या काळी शेजारच्या पट्ट्यात उपग्रहांचे क्षीण आवाज तेवढे होते, म्हणून अनेक जुन्या यंत्रांत दाराशी पुरेसा पहारा बसविण्याची कोणास गरज भासली नाही. ही कहाणी निसर्गाच्या मर्यादेची नाही, शेजारी बदलल्यावर जुने दार तसेच ठेवल्याची आहे.

पण आपल्याकडे लिलाव झालेल्या पट्ट्याच्या याच कडेला एक अगदी निराळे प्रकरण दडलेले आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. तालुक्याच्या गावी केबलचालकाच्या गच्चीवर ज्या मोठ्या डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात, त्या उपग्रहांवरून दूरचित्रवाणीच्या वाहिन्या ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात उतरवून घेतात. मोबाइलचा पट्टा ३६७०ला संपतो आणि यांचा ३७००ला सुरू होतो. मध्ये मोकळी राहते ती ३० मेगाहर्ट्झची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचा आवाज छत्तीस हजार किलोमीटर चालून आलेला, आणि मनोरा पलीकडच्या गल्लीत. येथे पाच अनुनादकांचा चेबिशेव फिल्टर बसविला, तर ३६७०वर तो अवघा २.८ डेसिबलचा विरोध करतो, म्हणजे शेजाऱ्याची निम्म्याहून अधिक शक्ती आत येतेच. अनुनादक नऊ केले तरी विरोध १७ डेसिबलच्या पुढे जात नाही. जो फिल्टर विमानाच्या बाबतीत तंटा एका फटक्यात मिटवितो, तोच येथे हतबल होतो, आणि हे कळावयास कोणतीही महागडी चाचणी लागत नाही, लॉगॅरिथम काढता येणारा साधा कॅलक्युलेटर पुरतो.

मात्र येथेच काउअर यांची विद्या मदतीस येते. त्यांनी शोधलेल्या फलनांत चेबिशेव यांची समान वाटणीची युक्ती पट्ट्याच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे लागू केलेली असते, आणि पट्ट्याच्या कडेजवळ ठरावीक वारंवारतांवर लहर पूर्णपणे अडविली जाते. त्याच ३६७० मेगाहर्ट्झवर काउअर यांच्या रीतीचा पाच अनुनादकांचा आदर्श फिल्टर सुमारे २३ डेसिबल आणि सात अनुनादकांचा ४३ डेसिबल देतो. नऊ कोठड्यांना जे १७च्या वर साधत नव्हते त्याच्या कित्येक पट अधिक दोन कोठड्या कमी करून साधते. सूक्ष्मतरंगांत हे करण्याची व्यवहार्य वाट १९७०च्या दशकारंभी कॉमसॅट प्रयोगशाळेतील अतिया आणि विल्यम्स यांनी उपग्रहांच्या निमित्ताने दाखविली. शेजारी नसलेल्या दोन अनुनादकांनाही परस्परांशी जोडले, म्हणजे लहरीला दोन वाटा मिळतात, आणि नको त्या वारंवारतेवर त्या दोन वाटांनी आलेले अंश एकमेकांस पुरते छेदून टाकतात. एकाच कोठडीत लहरीची दोन रूपे नांदवून त्यांनी फिल्टरचे वजनही निम्म्यावर आणले, आणि अवकाशात नेण्याच्या प्रत्येक ग्रॅमचे मोल जाणणाऱ्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. कोणत्या अनुनादकाचे कोणाशी किती युग्मन, याचे कोष्टक मागणीपासून थेट काढण्याची सर्वसाधारण रीत रिचर्ड कॅमेरॉन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजचा जाणकार अभियंता याच युग्मन-सारणीच्या भाषेत विचार करतो.

यातले काहीच फुकट मिळत नाही. प्रत्यक्षातील प्रत्येक अनुनादक थोडी ऊर्जा गिळतो, आणि पट्टा जितका अरुंद व अनुनादक जितके अधिक तितकी ही गळती वाढते. उंचीमापकाचा पाच अनुनादकांचा फिल्टर जर छापील पट्टीवरच्या स्वस्त अनुनादकांनी, ज्यांची गुणवत्ता, म्हणजे ऊर्जा न गिळण्याच्या क्षमतेचे माप, दोनशेच्या घरात असते, घडविला, तर पट्ट्याच्या मध्यावरच ३.३ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती, स्वाहा होते; तीन अनुनादकांवर भागविले तर हाच तोटा दीड डेसिबलवर येतो, आणि गुणवत्ता हजारावर नेली तर पाच अनुनादकांतही पाऊण डेसिबलच्या आत राहतो. डिशच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर आहे. कारण तेथे फिल्टर प्रवर्धकाच्याही अगोदर बसवावा लागतो, आणि दर ०.१ डेसिबल घटीमागे ग्राहक-यंत्राच्या पदरी सुमारे ७ केल्विन एवढा जादा गोंगाट पडतो. शिवाय कडेच्या अगदी जवळ उतरण तीव्र केली म्हणजे तेथल्या वाहिन्यांचे संकेत विलंबाने विकृत होतात. म्हणून ३० मेगाहर्ट्झच्या सीमेवरील फिल्टर शक्य असला तरी तो जड, खर्चिक आणि नाजूक होणार. आणि हा खर्च कोणी सोसावयाचा, लहरी विकत घेणाऱ्या कंपनीने, विकणाऱ्या सरकारने की गच्चीवरच्या केबलचालकाने, हा प्रश्न तांत्रिक नसून शुद्ध न्यायाचा आहे.

त्या न्यायाचे माप पैशांतही मांडता येते. २०२२च्या ज्या लिलावातून सरकारच्या तिजोरीसाठी १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली आल्या, त्यात या पट्ट्याची राखीव किंमत संपूर्ण देशासाठी दर मेगाहर्ट्झला ३१७ कोटी होती. त्या दराने ३० मेगाहर्ट्झची मोकळी पट्टी ९,५१० कोटींची होते. ती रुंद करावी तर तेवढे उत्पन्न बुडते. अरुंद करावी तर हजारो गच्च्यांवर फिल्टरचा खर्च येऊन पडतो. मेगाहर्ट्झ आणि अनुनादक या दोन नाण्यांतला विनिमयदर संश्लेषणाचे गणित ठरवून देते, आणि तो दर ठाऊक नसताना जो धोरण आखतो तो हिशेबाची वही न उघडताच वाटणीपत्रावर सही करतो.

याला एक आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्या माणसांची योग्यता पाहता दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतात की, आज संगणकावर विद्युच्चुंबकीय क्षेत्राचे गणित करणाऱ्या प्रणाली आहेत. झरोक्याची मापे त्यांच्या हवाली करावीत, मागणी सांगावी आणि रात्रभर यंत्र चालू ठेवावे, सकाळी फिल्टर तयार. मग फॉस्टर, काउअर आणि चेबिशेव यांचे ओझे विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कशाला? या प्रणालींचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. पूर्वी महिने लागत तेथे आता दिवस पुरतात, हे खरेच आहे. पण ही यंत्रे शोध घेतात तो जेथून आपण त्यांना सोडू त्या जागेच्या आसपास, आणि आरंभाची मापे जर संश्लेषणातून आलेली नसतील तर वीस-बावीस मापांच्या त्या अरण्यात ती एखाद्या खळग्यात अडकून बसतात. त्याहून गंभीर गोष्ट ही की, जी मागणी मुळातच अशक्य आहे तिच्यापुढेही यंत्र मुकाट्याने चालत राहते. ३० मेगाहर्ट्झच्या अंतरात पाच साध्या अनुनादकांकडून ४० डेसिबल मागितले, तर ते रात्रभर खपून सकाळी एक वाईट उत्तर देईल, पण हे होणारच नाही असे सांगणार नाही. ते सांगणे हे सिद्धान्ताचे काम आहे.

हीच गोष्ट कार्यशाळेच्या मेजावर अधिक ठसठशीतपणे दिसते. कोठड्यांचा फिल्टर जुळवणीसाठी येतो तेव्हा त्याच्या झाकणावर जुळणीच्या स्क्रूंची रांग असते, प्रत्येकाला घट्ट धरणारी चपटी नट, शेजारी नेटवर्क अ‍ॅनालायझर आणि त्याच्या पडद्यावर परत फिरणाऱ्या शक्तीचा आलेख. पाच अनुनादकांचा फिल्टर नीट जुळला म्हणजे त्या आलेखात पाच खोल दऱ्या एका रांगेत उभ्या राहतात आणि त्यांच्यामधले चार उंचवटे एकाच उंचीवर येतात. पण प्रथम जोडणी करताच जे दिसते ते बहुधा दोन विद्रूप खाचा आणि एक कुबड. एक स्क्रू पाव आट्याने फिरविला की पाचही दऱ्या हलतात, कारण प्रत्येक अनुनादक इतरांशी बांधलेला असतो. ज्याला युग्मन-सारणीची ओळख नाही तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक स्क्रू पुढे, एक मागे असे करीत बसतो. ज्याला ती आहे तो मिल्टन डिशल यांनी १९५१ मध्ये सांगितलेल्या रीतीने पुढचे सर्व अनुनादक प्रथम बंद करतो, एकेक क्रमाने उघडीत जुळवितो, आणि तरीही काही बिनसले तर पडद्यावरच्या आलेखावरून उलट गणिताने सारणी काढून, दुसऱ्या-तिसऱ्यांमधील झरोका अंमळ मोठा कापला गेला आहे, असे बोट ठेवून सांगतो. संश्लेषण येथे निदान बनते, आणि तयार प्रणालीवर वाढलेल्या पदवीधरापाशी नेमके हेच निदान नसते.

आपल्याकडे ही विद्या नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील अतिशय क्षीण लहरी ऐकतात, आणि तिच्या नव्या ग्राहक-यंत्रांचे दोन पट्टे ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे असून त्यांच्यामधील दरीत मोबाइलचा ९०० मेगाहर्ट्झचा कल्लोळ नांदतो. तेथे फिल्टर हा चैनीचा विषय नसून अस्तित्वाचा आहे. मुंबईत १९८४ पासून सूक्ष्मतरंगांना वाहिलेली समीर ही संस्था आहे, आणि अहमदाबादेत इस्रोचे अंतरिक्ष उपयोग केंद्र आहे. उणीव आहे ती या मोजक्या घरांबाहेर. अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेटवर्क सिंथेसिस हा विषय शिकविला जातो तो असा की, विद्यार्थी फॉस्टर आणि काउअर यांच्या रूपांची उदाहरणे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो, आणि याच गणितातून त्याच्या खिशातील मोबाइलचा फिल्टर जन्मला हे त्याला पदवी मिळाल्यावरही ठाऊक नसते.

माझी पहिली तजवीज म्हणून अगदी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका सत्रात एक मागणी हातात घ्यावी, तीन अनुनादकांचे अंक स्वतः काढावेत, महाविद्यालयाच्याच कार्यशाळेत दांडे कापून पेटी घडवावी, ती जुळवावी आणि कागदावरचा आलेख व मोजलेला आलेख शेजारी शेजारी ठेवून तफावतीचा जाब द्यावा. एक-दीड गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारे छोटे अ‍ॅनालायझर आता काही हजार रुपयांत मिळतात, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. दुसरी गोष्ट निविदांची. शून्य घट, अमर्याद विरोध आणि तळहातावर मावेल एवढा आकार, अशी परस्परांचे गळे धरणारी कलमे निविदेत लिहिली गेली म्हणजे प्रामाणिक बनविणारा माघार घेतो आणि बेरका बनविणारा वाटेल ते कबूल करतो. म्हणून मसुदा करणाऱ्याने मागणी शक्य आहे किंवा नाही याची रुजुवात करून मगच तीवर शिक्का उमटवावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी सरकारदरबारी आहे. यापुढे लहरींचा कोणताही पट्टा लिलावास काढताना जो विचारविनिमयाचा मसुदा लोकांपुढे ठेवला जातो, त्यात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या यंत्रांत कोणता फिल्टर गृहीत धरला आहे, त्याचे अनुनादक किती, गुणवत्ता किती, त्याने शेजाऱ्याला किती डेसिबलने दाबावयाचे आणि आपल्या घरात किती घट सोसावयाची, तो बसविण्याचा खर्च कोणाच्या खाती पडणार, एवढा तपशील एका पानावर छापला जावा. ते पान तयार करण्यास जाणत्या अभियंत्याची एक दुपार पुरते, ते तपासण्यास कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापकाची दुसरी दुपार पुरते, आणि ते छापले असते तर विमानतळाभोवतीची मनाई लिलावानंतर घाईने काढण्याऐवजी जुने फिल्टर बदलण्याची मुदत लिलावापूर्वीच घालून देता आली असती. ९,५१० कोटींच्या मालाची हद्द ठरविताना दोन दुपारी खर्च करण्याइतकी काटेकोर वृत्ती आपण शासनाकडून अपेक्षिणे, यात अतिरेक कोणता?